जुनी पिकअप भंगारात द्यायच्या आधी थांबा! इंजिन मूळचं आहे की बदललेलं, घरच्या घरी असं ओळखा

बोईसर, वार्ताहर : मागच्या महिन्यातली गोष्ट. सकाळी भेंडीला पाणी सोडून घरी आलो तर अंगणात मुंबईची गाडी उभी. दोन माणसं आमच्या जांभळाच्या झाडाखाली उभ्या असलेल्या बाबांच्या जुन्या पिकअपभोवती फिरत होती. एकाने आतलं इंजिनाचं झाकण उचललं, मोबाईलची बॅटरी मारली आणि दोन मिनिटांत निकाल दिला. "दादा, हे इंजिन तर जीपचं आहे, पिकअपचं नाही. ओरिजनल काही राहिलेलं नाही. भंगाराच्या वजनाने घेऊन जातो."

खरं सांगतो, मी जवळजवळ हो म्हणालो होतो. गाडी बारा वर्षं जागेवर उभी. खाली उंदरांनी घर केलेलं, टपाच्या पत्र्याला भोकं. आई म्हणाली, "तुझ्या बाबांनी ह्याच गाडीतून गवताचे भारे वाहिले, तुझं लग्नाचं वऱ्हाड पण ह्याच गाडीतून नेलं. एकदा मिस्त्रीला तरी विचार." म्हणून त्या माणसांना रविवारनंतर या असं सांगितलं आणि बोईसरच्या आमच्या ओळखीच्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. काकांनी सगळं ऐकलं आणि हसत सुटले. म्हणाले, "अरे, ह्या पिकअपमध्ये कंपनीनेच जीपचं इंजिन टाकलेलं होतं. तोच तर तिचा मूळ माल!"

पालघर, डहाणू, वाडा, विक्रमगड भागात अजून बऱ्याच वाड्यांवर, गोठ्यांच्या मागे अशा गाड्या उभ्या आहेत. त्या शोधत फिरणारे लोकही वाढले आहेत. कोणी खरे शौकीन असतात, कोणी दलाल. घेताना "ओरिजनल नाही" म्हणायचं आणि विकताना "शंभर टक्के ओरिजनल" म्हणायचं, असा हा धंदा. म्हणून काकांबरोबर त्या रविवारी जे बघितलं, शिकलो, ते सगळ्यांसाठी लिहितो.

आधी गाडीचं घराणं समजून घ्या

१९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद नावाची पोलादाचा व्यापार करणारी कंपनी सुरू झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. १९४९ पासून अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या जीपचे सुटे भाग आणून इथे जोडायला सुरुवात झाली. पुढे हळूहळू भाग इथेच बनू लागले.

साठच्या दशकात ह्याच कंपनीची एफसी-१५० ही पिकअप आली. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. साध्या भाषेत, ड्रायव्हर इंजिनाच्या मागे नाही तर जवळजवळ वरच बसतो आणि इंजिनाची पेटी दोन सीटच्या मध्ये येते. जुन्या ड्रायव्हरांना आठवत असेल, उन्हाळ्यात पाय भाजायचे.

ह्या एफसी-१५० मध्ये आणि त्या वेळच्या उंच बोनेटच्या जीपमध्ये एकच पेट्रोल इंजिन होतं. त्याचं नाव हरिकेन. चार सिलिंडर, १३४ घन इंच म्हणजे साधारण २,२०० सीसी. बोअर सव्वातीनला जरा कमी, ३ पूर्णांक १/८ इंच, आणि स्ट्रोक ४ पूर्णांक ३/८ इंच. म्हणजे "जीपचं इंजिन आहे म्हणून ओरिजनल नाही" हे म्हणणं सरळ खोटं किंवा अर्धवट माहितीचं. १९७५ च्या सुमारास एफसी-२६०डी ही डिझेलची गाडी आली. त्या काळात जीपमध्ये जे २,३५० सीसीचं डिझेल इंजिन यायचं, ते आपल्या जुन्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या इंजिनाच्याच घराण्यातलं. १९७९ मध्ये महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी डिझेल इंजिनासाठी करार केला, ते इंजिन २,११२ सीसीचं.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की तुमच्या गाडीत जन्माच्या वेळी कोणतं इंजिन असायला हवं हे आधी ठरवा. १९७२ च्या गाडीत प्यूजोचं इंजिन असेल तर ते कितीही छान चालत असलं तरी मूळचं नाही. त्याचा करारच सात वर्षांनी झाला.

गाड्यांची इंजिनं बदलली का?

ह्यात कोणी चोरी केली असं नाही. पेट्रोल परवडेना म्हणून लोकांनी पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं. कोणी प्यूजोचं, कोणी मॅटाडोरचं, कोणी ट्रॅक्टरच्या घराण्यातलं, जिथे जे स्वस्तात मिळालं ते. सातपाटीहून मासळी, डहाणूहून चिकू, वाड्याहून भात आणि गवत वाहणाऱ्याला गाडी चालण्याशी मतलब. आमच्या बाबांनीही डिझेल इंजिन टाकायचं ठरवलं होतं. त्या वर्षी भात पावसात गेला, पैसे जुळले नाहीत आणि राहून गेलं. आज तीच गोष्ट आमच्या कामी आली.

पायरी १ : कागद काढा

इंजिन बघायच्या आधी आरसी बुक शोधा. जुनं, फाटकं, पिवळं पडलेलं असलं तरी चालेल. त्यातून पाच गोष्टी एका कागदावर उतरवा : बनावटीचं वर्ष, पहिल्या नोंदणीची तारीख, इंजिन नंबर, चेसिस नंबर आणि इंधन कोणतं. गाडीचा प्रकार काय लिहिला आहे तेही बघा, मालवाहू की खाजगी. त्याचं काम पुढे आहे.

आरसीवर पेट्रोल आणि गाडीत डिझेल इंजिन असेल तर प्रश्न तिथेच संपला. इंजिन बदललेलं आहे आणि त्याची नोंदही नाही.

पायरी २ : लोखंडावरचा नंबर

हरिकेन इंजिनाचा नंबर ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, पाण्याच्या पंपाच्या मागे जो लोखंडाचा उंचवटा असतो त्यावर पंच केलेला असतो. पन्नास वर्षांचं ऑइल आणि धूळ त्यावर बसलेली असते, त्यामुळे तो सहज दिसत नाही.

साफ कसं करायचं? रॉकेल किंवा डिझेलमध्ये फडकं भिजवून दहा मिनिटं ठेवा आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने घासा. ग्राइंडर, पॉलिश पेपर, छिन्नी अजिबात लावू नका. नंबरच्या जागी ताज्या घासल्याच्या खुणा दिसल्या तर उद्या आरटीओत तुमच्यावरच संशय येईल. साफ झालं की शाळेचा पांढरा खडू त्यावर आडवा फिरवा आणि हलकं पुसा. खोल अक्षरांत खडू राहतो आणि नंबर उठून दिसतो. मग बॅटरी समोरून नाही, एका बाजूने तिरकी धरा आणि मोबाईलवर फोटो काढा.

आता आरसीशी ताडून बघा. एखादंच अक्षर चुकत असेल तर लगेच घाबरू नका. जुन्या हस्तलिखित नोंदींमध्ये इंग्रजी ओ आणि शून्य, एस आणि पाच, बी आणि आठ यांची गफलत झालेली असते. पण सगळा नंबरच वेगळा असेल तर ब्लॉक दुसऱ्या गाडीचा आहे.

चेसिस नंबरही असाच बघा. तो पत्र्याच्या प्लेटवर असतो आणि चेसिसच्या लोखंडावरही असतो. प्लेटवर एकट्या विश्वास ठेवू नका. प्लेट दोन रिबिटांवर असते, ती काढून दुसरी लावता येते. जुन्या गाडीवर चकचकीत नवीन रिबिट किंवा स्क्रू दिसले तर विचारा का.

पायरी ३ : नंबर खरा की नंतर ठोकलेला?

मिस्त्रीकाकांनी सांगितलेल्या खुणा :

• नंबरच्या आजूबाजूचं लोखंड बघा. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, म्हणून खरखरीत असतो. नंबरची जागा कारखान्यात मशीनने सपाट केलेली असते, त्यावर एका दिशेने जाणाऱ्या बारीक रेघा असतात. त्याऐवजी ग्राइंडरच्या वेड्यावाकड्या, गोल खुणा असतील किंवा तेवढाच भाग बशीसारखा खोलगट असेल तर कोणीतरी जुना नंबर उडवलेला आहे.

• अक्षरांची उंची, अंतर, खोली बघा. कारखान्यातही हाताने पंच मारायचे, त्यामुळे थोडं पुढेमागे चालतं. पण एक आकडा मोठा, एक लहान, एकाची ठेवण वेगळी, असं असेल तर सावध.

• गंज बघा. खड्ड्यातला गंज आणि बाजूचा गंज एकाच वयाचा दिसायला हवा. आजूबाजूला काळा थर आणि अक्षराच्या आत चकचकीत लोखंड, म्हणजे पंच नवीन.

• फक्त नंबरच्या जागेवर रंगाचा जाड थर किंवा वेल्डिंगचा मणी असेल तर गाडी घेऊच नका.

घासून उडवलेला नंबरही न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायन लावून पुष्कळदा परत दिसतो, कारण पंचाचा दाब लोखंडात खोलवर गेलेला असतो. त्यामुळे "कोणाला कळणार आहे" असं म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. नंबर खोडणं, बदलणं हा गुन्हा आहे. गाडी चोरीची निघाली तर पोलीस ठाण्याच्या खेपा घेणाऱ्यालाच माराव्या लागतात.

उठावाचे आकडे आणि खोल आकडे वेगळे

इथे खूप जण फसतात. ब्लॉकवर, हेडवर मोठे उठून आलेले आकडे असतात. ते साच्यातूनच आलेले, म्हणजे ओतीव आकडे. तो त्या भागाचा नमुना क्रमांक. त्या साच्यातून निघालेल्या हजारो ब्लॉकवर तोच आकडा सापडेल. तो इंजिन नंबर नाही आणि आरसीशी जुळणारही नाही. आत खोल गेलेले, पंच केलेले आकडे तेवढ्याच एका इंजिनाचे.

ओतीव आकड्याचा उपयोग वेगळा आहे. हेड त्याच जातीच्या इंजिनाचं आहे का हे त्यावरून कळतं. काही ओतीव भागांवर ओतल्याची तारीखही असते. तशी सापडली तर नियम सोपा : भाग आधी ओतला जातो, मग गाडी बनते. म्हणून भागाची तारीख गाडीच्या बनावटीच्या आधीची हवी. काही आठवडे, काही महिने आधीची चालेल. गाडीनंतरची असेल तर तो भाग नंतर बसवलेला आहे, मग सांगणारा काहीही सांगो.

पायरी ४ : इंजिन उघडता दिसणारी ओळख

हरिकेनची एक खूण अशी आहे की ती शाळकरी पोरालाही सांगता येईल. त्याच्या वरच्या झाकणाखाली आठ नाही, फक्त चारच व्हॉल्व्ह असतात. हवा-पेट्रोल आत घेणारे चार व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारे चार खाली ब्लॉकमध्ये, बाजूच्या पत्र्याच्या झाकणाआड. म्हणून वरचं झाकण अरुंद दिसतं. शिवाय कार्बोरेटर थेट हेडवर बसतो, कारण आत जाणारा मार्ग हेडमध्येच ओतलेला असतो. झाकण उघडलं आणि आठ व्हॉल्व्ह दिसले तर ते इंजिन हरिकेन नाही.

आमचं झाकण काकांनी उघडलं. आत काळा चिखल, पण व्हॉल्व्ह चार. आईला पण दाखवले.

पायरी ५ : पान्याची परीक्षा

ही मला सगळ्यात आवडली, कारण ह्यात वाचायचं काही नाही. विलीजचं इंजिन अमेरिकन, म्हणून त्याचे बोल्ट इंची. प्यूजो फ्रेंच, म्हणून त्याचे बोल्ट मिलिमीटरचे. तुमच्या पेटीतला ९/१६ इंची पाना घ्या. तो १४.३ मिलिमीटर भरतो. इंची बोल्टवर १४ चा पाना जाणारच नाही, १५ चा ढिला फिरेल आणि ९/१६ चा चपखल बसेल. अर्ध्या इंचाचा बोल्ट १२.७ चा, त्यावर १३ चा पाना जातो पण खुळखुळतो. मात्र पाऊण इंची पाना आणि १९ चा पाना जवळपास सारखेच, म्हणून त्यावरून निष्कर्ष काढू नका.

बोल्टचं डोकंही बोलतं. इंची मजबूत बोल्टच्या डोक्यावर तीन किंवा सहा रेघा असतात. मिलिमीटरच्या बोल्टवर ८.८ सारखा आकडा असतो. इंची इंजिनात मधेच एक-दोन ८.८ चे बोल्ट दिसले तर मिस्त्रीने हाताला लागला तो बोल्ट लावला, एवढाच अर्थ. पण सगळं इंजिनच मिलिमीटरचं असेल तर इंजिन बदललेलं.

पायरी ६ : इंजिन बदलल्याच्या खुणा चेसिसवर

इंजिन काढून परत मूळ जातीचं आणून बसवलं तरी मधल्या काळाच्या खुणा राहतात. गाडीखाली वाकून बघा :

• इंजिन ज्यावर बसतं त्या पट्ट्या कापून परत वेल्डिंग केल्या आहेत का?
• इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये जाड लोखंडाची जादा प्लेट आहे का? दोन वेगळ्या घराण्यांची जोडणी करायला ती लागते.
• रेडिएटर मागे-पुढे सरकवला आहे का? जुनी भोकं मोकळी दिसतात.
• टाकीला परतीची नळी आहे का? डिझेलला पंपाकडून उरलेलं तेल परत टाकीत जातं, त्याची नळी लागते. पेट्रोलच्या टाकीला नंतर पाडलेलं भोक ओळखू येतं.
• डॅशबोर्डवर हीटरचं बटण आहे का? पेट्रोल गाडीत त्याचं काय काम?

पायरी ७ : बाजूचे भाग

डायनॅमो, सेल्फ, डिस्ट्रिब्युटर, कार्बोरेटर हे भाग पन्नास वर्षांत बदललेले असणारच. ते मूळचे सापडले तर किंमत वाढते, नाही सापडले तर गाडी बाद होत नाही. पण त्यांची तारीख ओळखायला काही पक्क्या खुणा आहेत :

• जुन्या गाड्यांना डायनॅमो आणि वेगळा कटआउट यायचा. अल्टरनेटर दिसला तर तो बहुतेक नंतरचा.
• लुकास टीव्हीएस ही कंपनी १९६१ ची. त्याआधीच्या गाडीत त्या नावाचा भाग मूळचा असू शकत नाही.
• डिझेल गाडीच्या पंपाच्या पट्टीवर मायको लिहिलेलं असेल तर तो जुना. बंगळूरची ही कंपनी १९५१ पासूनची, २००८ मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं.
• कोणी "जुना डबाबंद माल आहे" म्हणून पार्ट दाखवला तर डब्यावरचा पत्ता वाचा. सहा आकडी पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. डब्यावर पिनकोड असेल तर तो डबा १९६८ चा असूच शकत नाही. बॉम्बेचं अधिकृत मुंबई झालं १९९५ मध्ये, मद्रासचं चेन्नई १९९६ मध्ये. हे दोन शब्द बघितले तरी बराच उलगडा होतो.

मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आणि चोर बाजारात जुने पार्ट अजून मिळतात. तिथे चांगला मालही आहे आणि रंग मारून जुना केलेला नवा मालही आहे. पिनकोडवाली युक्ती तिथे घेऊन जा.

बोअर मारलेलं इंजिन ओरिजनल धरायचं का?

हो. मूळ ब्लॉकला बोअर मारला, लायनर टाकला, क्रँक घासला, तरी ब्लॉक मूळचाच राहतो. ही दुरुस्ती आहे, अदलाबदल नाही. पिस्टनच्या डोक्यावर एसटीडी लिहिलेलं असेल तर बोअर मूळ मापाचा. ०२०, ०३०, ०४० असे आकडे असतील तर तितका हजारांश इंच बोअर वाढलेला आहे. बेअरिंगच्या पाठीवरही असेच आकडे असतात. आकडा जितका मोठा, तितकं पुढचं काम करायला लोखंड कमी शिल्लक. घेणाऱ्याने हे विचारावं आणि विकणाऱ्याने लपवू नये.

प्लग, पॉइंट, पट्टे, होस पाईप, गॅस्केट, रिंगा यांना तर कोणीच ओरिजनलमध्ये मोजत नाही. ते झिजण्यासाठीच असतात.

मग "ओरिजनल" चा हिशोब कसा मांडायचा?

काका म्हणाले, एका वाक्यात ओरिजनल आहे किंवा नाही असं कधी सांगू नये. तीन रकाने करावेत. पहिल्यात आरसीशी जुळणारे भाग, म्हणजे नंबरवाला ब्लॉक आणि चेसिस. दुसऱ्यात त्याच जातीचे पण ह्याच गाडीचे असल्याचा पुरावा नसलेले भाग. तिसऱ्यात दुसऱ्या जातीचे किंवा नंतरचे भाग.

आमच्या गाडीचा हिशोब असा निघाला. ब्लॉकचा नंबर आरसीशी तंतोतंत जुळला. चेसिसचाही जुळला. हेड, मॅनिफोल्ड आणि डिस्ट्रिब्युटर हरिकेनचेच, पण ते ह्याच गाडीचे असं छातीठोक सांगता येत नाही. कार्बोरेटर दुसऱ्या कसला तरी, पट्टी घालून बसवलेला. डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आलेला. एक पिस्टन बाहेर काढल्यावर ०३० निघाला. म्हणजे गाडी शंभर टक्के मूळची नाही, आणि तो मुंबईवाला म्हणाला तशी भंगारही नाही.

"व्हीए नंबर मिळेल" असं सांगणाऱ्यापासून सावध

जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात ठेवलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी विंटेज धरली जाते. नवीन नोंदणी केली तर नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंतर पुन्हा नोंदणीला ५,००० रुपये. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही.

पण नीट वाचा. हा नियम दुचाकी आणि माणसं वाहणाऱ्या चारचाकी गाड्यांसाठी लिहिलेला आहे. जीप आरसीवर खाजगी असेल तर ती त्यात बसू शकते. आरसीवर मालवाहू लिहिलेली पिकअप त्यात सरळ बसत नाही. म्हणून "व्हीए नंबर करून देतो, एवढे पैसे आगाऊ द्या" म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी विरारच्या आपल्या आरटीओत स्वतः जाऊन, आरसी दाखवून विचारा.

दुसरी गोष्ट, इंजिन बदललेलं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे ते आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. ती नसेल तर नाव बदलताना आणि विम्याच्या वेळी अडचण येते. गाडी विकलीत तर फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलूनच द्या. आपल्या नावावरची गाडी दुसऱ्याने कुठे धडकवली तर नोटीस आपल्या घरी येते. आणि खरंच भंगारात दिलीत तरी आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्या, म्हणजे तुमच्या नंबरवर दुसरी गाडी फिरणार नाही.

मोबाईलबद्दल एक विनंती

फोटो काढा, जपून ठेवा. पण इंजिन आणि चेसिस नंबरचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, फेसबुकवर टाकू नका. ते दोन नंबर आणि गाडी नंबर हातात आले की चोरीच्या गाडीला तुमच्या गाडीची ओळख देणाऱ्याचं काम सोपं होतं. घेणारा समोर आला की गाडीजवळ उभं राहून दाखवा.

खाडी आणि समुद्राच्या बाजूच्या लोकांनी आणखी एक करावं. खारी हवा लोखंड खाते. पावसाळ्याआधी नंबरच्या जागी ग्रीसचा हात फिरवून ठेवा. नंबर गंजून वाचता येईनासा झाला तर तुमची खरी गाडीही संशयात येते.

पुढे काय झालं?

ठरल्याप्रमाणे ती माणसं परत आली. मी तीन रकान्यांचा कागद आणि आरसी समोर ठेवली. चार व्हॉल्व्ह दाखवले, नंबरवर खडू फिरवून दाखवला. कार्बोरेटर आणि अल्टरनेटर मूळचा नाही हे मीच आधी सांगितलं. आधी बोलणारा गप्प झाला आणि त्याच्याबरोबरच्या माणसाने भंगाराच्या चौपट आकडा सांगितला. मी अजून हो म्हटलेलं नाही. मिस्त्रीकाका म्हणतात, कार्बोरेटर मिळाला तर दिवाळीच्या आत इंजिन चालू करून दाखवतो. आईने जांभळाखालची जागा झाडून गाडीवर नवीन ताडपत्री टाकली आहे.